पाणकर

नागपूरहून एसटीने आणली मशीन, मांडीवर घेऊन.
बँकेच्या भंगारातली; अंगावर अजून शाखेचा नंबर
आणि कुणीतरी कंटाळून पेनाने काढलेला मोर.
भिवापूरपर्यंत शेजारची बाई विचारत होती,
"टीव्ही हाय का गा?"
हाव, म्हटलं. तेवढंच सोपं पडतं.

सोळा वर्षांची लग्नं आहेत माझ्याकडे,
नागभीड ते तळोधी. वर दंडारी, बारशी,
एका म्हशीचा वाढदिवससुद्धा.
अकरा डिस्का, बुटांच्या खोक्यात.
मार्चमध्ये त्यातली एक टक् टक् करू लागली.

त्याच आठवड्यात रूपलता बनसोड आली.
दोन हजार अकराचं लग्न. त्यात तिचे वडील
पंगतीत वांग्याची भाजी वाढता वाढता
कॅमेऱ्याकडे बघून हसतात. तेवढंच पाहिजे होतं.
मी खोकं उघडलं. बंद केलं.
"राहू दे गा भाऊ," म्हणाली,
आणि पैसे किती झाले, तेही विचारलं.

म्हणून ही मशीन. हिच्या पोटात तीन मशिनी राहणार:
एक लग्नं सांभाळायला, एक जुन्या कॅसेटी उतरवायला,
एक भाचीला, समताला, मोडतोड करून शिकायला.
खाली एक जण लागतो त्यासाठी,
जो दिसत नाही, पण मेमरी मोजून सोडतो.
हायपरव्हायझर. शब्द तोंडात बसेना.
मग सोमाजी आठवला, आमच्या मामा तलावाचा पाणकर.
फावडं खांद्यावर, हिशेब डोक्यात,
कुणाच्या बांधीत किती वेळ पाणी.
वरच्याला वाटे तलाव आपलाच,
खालच्यालाही तेच वाटे.
त्याची स्वतःची बांधी नव्हती.

तर पाणकर निवडायचा होता, फुकटात.
फुकटाचेही वाण असतात, धानासारखे.
एक मोठ्या घरचा. वर्षानुवर्षे फुकट राबला,
मग मालक बदलला आणि तुडुमाला कुलूप.
पुढे परत उघडलं म्हणतात. असेल.
पण ज्याने एकदा चावी खिशात घातली
त्याच्या भरवशावर रोवणी कोण करतं?
दुसरा विंडोजच्याच घरातला,
अपडेटच्या नावाने भर लग्नसराईत झोपणारा.
तिसरा गुणी, पण सगळं बोलणं कमांडींचं.
मी डोळ्यांनी काम करणारा माणूस.

राहिला प्रॉक्समॉक्स.
दर वेळी दारात अडवून विचारतो,
वर्गणी भरलेली नाही तुमची?
नाही, म्हणतो मी.
बरं, म्हणतो, आणि आत घेतो.
आमच्या गणेश मंडळातही एवढी सोय नाही.

अडलं एका ठिकाणी. डिस्का कुणाच्या हाती द्यायच्या?
समता म्हणे, "आतल्या मशीनला देऊन टाक ना मामा.
पाणकरानं पाणी सोडावं, तलाव काहून सांभाळावा?"
दोन रात्री विचार केला.
सोमाजी तर पाळीवरच झोपायचा.
खेकड्यांनी पाळ पोखरली की
तळपायाच्या ओलीवरून त्याला आधी कळायचं.
डिस्का मी खालीच ठेवल्या, पाणकराजवळ.
दोन, एकमेकींचा आरसा.
महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, रात्री, सगळे झोपले की
तो एकेक तुकडा उचलून बघतो, कुठे सडला का.
चुकलास, म्हणते समता.
चुकलोही असेन.

काल लाइट गेली. इन्व्हर्टर ओरडू लागला.
आधी बांध्या मिटवायच्या, मग पाणकर:
शंभर. एकशे एक. एकशे दोन.
एकेक मशीन थांबते म्हणाली आणि थांबली.
शेवटी पंखा गेला, आणि तलावाकडचे बेडूक
एकदम खोलीत आले.
हाताला डबा कोमट लागत होता.

टक् टक् करणारी डिस्क अजून खोक्यात आहे.
पुण्याचा एक जण उघडून देतो म्हणे, खात्री नाही,
चाळीस हजार सांगतो.
रूपलताला मी हे अजून
सांगितलेलं नाही.